गाडी थांबवायचं कारण

९ ऑक्टोबर, बुधवार

बायको, लोरीन, म्हणते, मी झोपेत बोलतो. काय बोलतो ते सांगत नाही. एवढंच म्हणाली, की जे काय आहे ते कागदावर उतरव, म्हणजे निदान मला तरी झोप लागेल. सत्तावीस वर्षं शेरीफच्या हाताखाली डेप्युटीची नोकरी केली, रोज अहवाल लिहिले, पण स्वतःसाठी कधी एक ओळ लिहिली नाही. ही वही बियाण्यांच्या दुकानातून फुकट मिळालेली आहे. लोरीन सकाळी कामाला गेली की लिहायचं, असं ठरवलंय.

आज नोटीस आली. १३ नोव्हेंबरला कोर्टात साक्षीला हजर राहायचं आहे. केस जोएल ह्रूबीची. त्याच्या वकीलबाईंनी अर्ज केलाय, की त्याची गाडी थांबवायला माझ्याकडे सबळ कारणच नव्हतं. म्हणून गाडी थांबवणं बेकायदा, आणि म्हणून त्यानंतर जे जे हाती लागलं, तोंडाचा वास, श्वासाची चाचणी, रक्ताचा रिपोर्ट, ते सगळं पुराव्यातून काढून टाकावं. पिऊन गाडी चालवल्याच्या केसमध्ये हुशार वकील हेच करतो. माणूस प्यायला होता की नव्हता यावर तो वाद घालत बसत नाही. पोलिसाने गाडीवरचे लाल-निळे दिवे लावले त्याच्या आधी पोलिसाला काय दिसलं होतं, एवढंच विचारतो.

मला दिसलं होतं. अहवालात आहे. ५ सप्टेंबर, गुरुवार, दुपारी तीन वाजून सात मिनिटं. पांढरा पिकअप. डावं चाक मधल्या पिवळ्या रेघेपलीकडे, दोनदा. आत्ता डोळे मिटले तरी दिसतं. ओल्या रस्त्यावर ती रेघ चकाकत होती आणि चाक सावकाश, झोपेत कूस बदलावी तसं, तिच्यावरून पलीकडे गेलं.

जोएलच्या रक्तात दारूचं प्रमाण ०.१७ निघालं. कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. यात वाद कसला?

१५ ऑक्टोबर, मंगळवार

जोएल आज दिसला. काउंटीच्या आवारात फावड्याने खडी ओढत होता. पूर्वी तो ग्रेडर चालवायचा. आमच्या उत्तरेकडच्या खडीच्या रस्त्यांवर ते मोठं पातं फिरवून तो ते इतके सपाट करायचा, की शाळेच्या बसचे ड्रायव्हर त्याचं नाव घ्यायचे. अटक झाल्यापासून लायसन्स निलंबित आहे, म्हणून यंत्रावरून काढून हातात फावडं दिलंय. शिक्षा झाली तर यंत्र कायमचं गेलं. एकोणचाळीस वर्षांचा आहे, दुसरं काही येत नाही त्याला.

ऑगस्टच्या मध्यापासून थेंब पडलेला नाही. मक्याची कापणी चाललीय, सगळीकडे भुसा आणि धूळ. जोएलच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. मी गाडीत होतो. त्याने फावड्याच्या दांड्यावरून दोन बोटं उचलली. इकडे सगळेच एकमेकांना तशी उचलतात. मीही उचलली.

त्याला माझा राग यायला हवा. येत नाही, हे मला सहन होत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

चर्चहून आल्यावर लोरीन बहिणीकडे गेली. आज मिलोंबद्दल लिहायचं ठरवलंय, म्हणजे एकदाचं होऊन जाईल.

मिलो पोस्पिशिल. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी मला शिकवलं. रात्री गाडी थांबवली तर आपला हात तिच्या मागच्या झाकणावर टेकवायचा, दार उघडायला लावायचं नाही, घाबरलेल्या माणसाशी हळू बोलायचं. आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे: “वॉरन, कारण आधी, दिवे नंतर. उलटं केलंस तर तू पोलीस नाहीस, नुसता गणवेश घातलेला दांडगट आहेस.” माझ्या लग्नात माझ्या बाजूने तेच उभे होते. निवृत्त झाल्यावर बायको गेली आणि ते पिऊ लागले. सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, १० नोव्हेंबरला, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, महामार्गावर त्यांची मरून रंगाची गाडी समोरून येणाऱ्या अनेट ह्रूबीच्या गाडीवर जाऊन आदळली. अनेट म्हणजे जोएलची बायको. दवाखान्यातली पाळी संपवून घरी चालली होती. दोघंही जागच्या जागी गेले. मिलोंच्या रक्तात ०.१४ होतं.

धडकेच्या आधी मी मिलोंच्या मागे होतो. चार मैल अलीकडे. ड्युटी संपवून घरी चाललो होतो. हे मी लपवलेलं नाही, अहवालात लिहिलंय. गाडी आपल्या बाजूने सरळ चालली होती. वेग बरोबर होता. नियमाचा भंग दिसला नाही. थांबवायला कारण नव्हतं. म्हणून मी आमच्या वळणावर घराकडे वळलो.

शेरीफ म्हणाले, तू काही करू शकला नसतास. पाद्री म्हणाले. समुपदेशनाला पाठवलं होतं तिथली बाईसुद्धा म्हणाली. जोएलने स्वतः, दफनाच्या दिवशी, माझा हात हातात घेऊन म्हटलं, “वॉरन, कायद्याने तुझे हात बांधलेले होते. स्वतःला खाऊ नकोस.”

कारण नव्हतं. गाडी सरळ होती.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आज सरकारी वकिलांकडे तयारी झाली. कर्टिस व्हेलन त्यांचं नाव, वय पस्तीस असेल, टेबलावर सतत पाय हलवत बसतात. त्यांच्या मते केस सरळ आहे. माझ्या गाडीतला कॅमेरा, दिवे लावले की त्याच्या आधीच्या फक्त तीस सेकंदांचं चित्र ठेवतो. त्या तीस सेकंदांत जोएलचा पिकअप अगदी सरळ चाललेला दिसतो. पण मी त्याच्या मागे चार मैल होतो. चाक रेघेपलीकडे गेलं ते त्या तीस सेकंदांच्या आधी. म्हणजे ते पाहिलेला एकच साक्षीदार आहे, मी.

“तुमचा शब्द म्हणजेच पुरावा,” व्हेलन म्हणाले. “सत्तावीस वर्षांत एक डाग नाही. ती लिंकन शहरातून आलेली वकीलबाई काय करणार?”

मग त्यांनी माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. डावं चाक, पिवळी रेघ, दोनदा. तिसऱ्या वेळी म्हणाले, छान, जरा सावकाश.

जाता जाता त्यांनी विचारलं, याबद्दल तुमची काही वेगळी टिपणं आहेत का, वही वगैरे? मी नाही म्हटलं. ही वही आता धुण्याच्या यंत्रामागे ठेवतो.

३ नोव्हेंबर, रविवार

एक गोष्ट अहवालात नाही. ती इथे लिहितो.

त्या गुरुवारी मी जोएलच्या मागे योगायोगाने नव्हतो. मार्चपासून दर गुरुवारी मी दफनभूमीच्या समोर, धान्याच्या कोठाराच्या आडोशाला, गाडी लावून बसायचो. जोएल गुरुवारी अर्धी सुटी घेतो आणि एक वाजता तिथे येतो. पिकअप आत, अनेटच्या थडग्यापाशी नेऊन लावतो आणि काचा वर करून बसतो. दोन तास. काय करतो ते दिसायचं नाही. मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. कायद्याला दिसणं लागतं.

तीनला निघून तो शाळेत जातो. मुलीला आणायला. मार्ता, नऊ वर्षांची.

सहा महिने मी असा त्याच्या मागे जायचो, शाळेपर्यंत. ती दप्तर टाकून पुढे बसायची आणि मी त्यांच्या दारापर्यंत मागे राहायचो. सहा महिने त्याची गाडी सरळ चालली. नको इतकी सरळ. बुजल्यासारखी. ज्याला काही लपवायचंय तोच इतकं नीट चालवतो, हे वीस-पंचवीस वर्षांत माणसाला कळतं. पण कोर्टात ‘नीट चालवत होता म्हणून थांबवला’ असं म्हणता येत नाही.

आणि मग ५ सप्टेंबरला चाक रेघेपलीकडे गेलं.

गेलं ना? हे मी इथे कुणाला विचारतोय, कळत नाही. मला दिसलं. ओला रस्ता, मागचा एक दिवा बंद, चाक सावकाश सरकत गेलं. हात आपोआप बटणावर गेला. दिवे लागले तेव्हा मला जे वाटलं ते लिहितो: सुटलो, असं वाटलं.

१० नोव्हेंबर, रविवार

अनेटसाठी प्रार्थना झाली. जोएल पुढच्या बाकावर होता, दाढी केलेला, मार्ता शेजारी. तिचे केस आईसारखे होत चाललेत. मिलोंचं नाव कुणी घेतलं नाही. मी मनातसुद्धा घेतलं नाही. बाहेर कॉफी आणि कोलाचे, आमच्या चेक लोकांचे गोड पाव, होते. मनुका भरलेला एक घेतला, खाल्ला गेला नाही, खिशात ठेवला. घरी आलो तेव्हा कोटाच्या अस्तराला चिकटला होता.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सगळं लिहायचं. क्रमाने.

दहा वाजता बोलावलं. छोटं कोर्ट, तीन बाकं. न्यायाधीशबाई, व्हेलन, जोएल आणि त्याच्या वकीलबाई रेनाटा ब्लूम. साठीच्या असाव्यात. पायात जाड तळव्यांचे बूट, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. मागे जोएलची आई बसली होती.

व्हेलननी विचारलं, मी सांगितलं. डावं चाक, पिवळी रेघ, दोनदा. सावकाश.

मग ब्लूमबाई उठल्या. मला वाटलं, कॅमेऱ्याबद्दल विचारतील. त्याची तयारी होती. त्यांनी कॅमेऱ्याचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, “डेप्युटी स्क्लेनार, मला गाड्यांतलं फारसं कळत नाही. चाक पलीकडे गेलं म्हणजे नक्की कसं? आठवतंय तसं सांगा. घाई नाही.”

मी सांगायला लागलो. शपथेवर सांगतो, मी खोटं बोलायला तोंड उघडलं नव्हतं. जे रोज दिसतं तेच सांगत होतो. गाडी पुढे होती, साधारण दोनशे फुटांवर. आधी ती डावीकडे कलली. मग चाक रेघेवर आलं, आणि रेघ ओली असल्यामुळे तिच्यावर मागच्या दिव्याचा लाल उजेड पडला होता, तो चाकाखाली गेला आणि पुन्हा दिसला. मग तेच पुन्हा. दुसऱ्यांदा जास्त आत गेलं.

“मागच्या दिव्याचा,” ब्लूमबाई म्हणाल्या. “एकाच?”

“डावा बंद होता.”

“आणि दिवे लागलेले होते.”

“अंधार पडत आला होता.”

व्हेलनचा पाय हलायचा थांबला. ते मला ऐकू आलं. म्हणजे जो आवाज होत होता तो बंद झाला.

 ब्लूमबाईंनी एक कागद उचलला, पुन्हा ठेवला. मला वाटतं त्यांनाही ते अपेक्षित नव्हतं. मग अगदी हळू, घाबरलेल्या माणसाशी बोलावं तसं, म्हणाल्या, “डेप्युटी, तुम्ही माझ्या अशिलाला दुपारी तीन वाजता थांबवलंत. ऊन होतं. एकोणीस दिवस पाऊस पडलेला नव्हता. त्यांचा पिकअप पांढरा आहे आणि त्याचे दोन्ही दिवे तुमच्याच चित्रात धड दिसतात. तुम्ही कोणती गाडी पाहिलीत?”

व्हेलननी आक्षेप घेतला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, साक्षीदाराने उत्तर द्यावं.

मला आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. गोंधळ झाला म्हणता आलं असतं. मी जोएलकडे पाहिलं. तो माझ्याकडे काळजीने बघत होता, मला चक्कर येतेय की काय अशा नजरेने. त्याच्या त्या नजरेमुळे माझ्याच्याने पुढचं खोटं बोलवलं नाही.

मी म्हणालो, “मरून गाडी. मिलो पोस्पिशिल यांची. दोन वर्षांपूर्वी. तिचं चाक रेघेपलीकडे गेलं होतं, दोनदा. ह्रूबींचं गेलं नव्हतं. ह्रूबींची गाडी चारही मैल सरळ होती.”

न्यायाधीशबाईंनी विचारलं, त्या वेळच्या अहवालात काय लिहिलं होतं? मी सांगितलं, नियमाचा भंग दिसला नाही असं. मग त्यांनी विचारलं, का? हे कोर्टाला विचारायची गरज नव्हती, पण त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. गाडी मी ओळखली. त्यांना हातकडी घालायची मला लाज वाटली. त्यांचं घर पुढे पाच मैलांवर होतं. मी एकदा हेडलाइट चमकावला, त्यांनी आरशात बघून हात वर केला, ठीक आहे अशा अर्थाने. मी वळलो.

जोएलची आई मागे काहीतरी बोलली. चेक भाषेत, मला कळलं नाही. जोएल उठून उभा राहिला, तसाच उभा राहिला, आणि ब्लूमबाईंनी बाही ओढून त्याला खाली बसवलं. त्या क्षणी त्याची केस तो जिंकला होता. त्याला ते कळलेलं दिसलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शेरीफनी बिल्ला आणि पिस्तूल जमा करून घेतलं. ओरडले नाहीत. व्हेलन ओरडले. माझ्या एकट्याच्या साक्षीवर गेल्या तीन वर्षांत ज्यांना शिक्षा झाली त्या प्रत्येकाचा वकील आता दारात उभा राहणार. त्यातले काही खरोखर प्यायलेले होते, मी खरोखर पाहिलेलं होतं, पण ते आता कोण मानणार? अकरा केसेस आहेत म्हणाले.

लोरीन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, बस, मला माहीत आहे. गावात कळलं असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं.

“दोन वर्षांपूर्वीपासून माहीत आहे,” ती म्हणाली. “त्या संध्याकाळी तू घरी आलास आणि कोट काढला नाहीस. ताट वाढलं होतं. तू खिडकीशी उभा राहिलास, पंधरा मिनिटं. मग फोन आला, आणि अपघात कुठे झाला हे तू विचारलंसुद्धा नाहीस.”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

“तू सांगशील म्हणून थांबले होते.” सुरी खाली ठेवून तिने हात पुसले. “झोपेत तू हेच म्हणतोस. मिलो, बाजूला घ्या. मिलो, बाजूला घ्या.”

२५ नोव्हेंबर, सोमवार

न्यायाधीशबाईंचा आदेश आला. दोन पानी. गाडी थांबवायला सबळ कारण नव्हतं. त्यानंतरचा सगळा पुरावा बाद. व्हेलननी केस मागे घेतली. जोएलला लायसन्स परत मिळेल आणि ग्रेडरही.

म्हणजे खरं बोलून मी हे केलं: जो माणूस ०.१७ घेऊन शाळेकडे चालला होता त्याच्या हाती किल्ली परत दिली. आणि अकरा जणांच्या. आणि डोळेझाक करून मी एक बाई मारली, वर खोटं लिहिलं. यातलं कुठलं पान कुठे लावायचं, मला समजत नाही. समुपदेशनाच्या बाईचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही.

१ डिसेंबर, रविवार

जेवण होत होतं तेवढ्यात जोएल आला. त्याची आई गाडीने सोडून गेली. त्याला अजून लायसन्स मिळायचंय. दारातच उभा राहिला. लोरीनने आत ये म्हटलं तर टोपी काढली, पण आला नाही. तोंडाला वास नव्हता. मी पाहिलं, सवयच आहे.

“कुठे गेलं चाक, ती जागा दाखव,” म्हणाला.

माझ्या गाडीतून गेलो.  उतरत्या उन्हात कापलेल्या मक्याचे खुंट रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. पुलाच्या अलीकडे, वीजखांबाजवळ, मी गाडी बाजूला घेतली. इथे पहिल्यांदा, म्हणालो. आणि तिथे, त्या टपालाच्या पेटीपाशी, दुसऱ्यांदा. मी वळलो ते वळण त्याच्यापुढे अर्ध्या मैलावर.

तो खाली उतरला आणि चालायला लागला. कुठे, हे मला विचारावं लागलं नाही. अनेटची जागा तिथून चार मैल पुढे आहे. मी धोक्याचे दिवे लावले आणि त्याच्या मागे, माणसाच्या चालीने, गाडी चालवत राहिलो. मागून येणाऱ्या गाड्या आम्हाला वळसा घालून जात होत्या. एकाने काच खाली करून मदत हवी का विचारलं. मी नको म्हटलं.

टपालपेटीपाशी तो थांबला नाही. माझ्या वळणापाशी थांबला. माझ्या घराकडे जाणाऱ्या त्या रस्त्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला, मग पुढे निघाला. दोनदा बसला. एकदा ओकला. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, घडी घालून परत ठेवला. एके ठिकाणी डांबराची कड खचली होती, तिथे पायाने खडी सारून खड्डा बुजवला आणि दाबून पाहिला. मग स्वतःच्याच पायाकडे बघत राहिला.

पाऊण तास झाला, एक तास झाला, दीड तासाला पोचलो. तिथे काही नाही, तारेचं कुंपण आहे. तो कुंपण धरून उभा राहिला. मी गाडीत बसून राहिलो. उतरायचा मला हक्क नाही असं वाटलं.

परत येऊन तो शेजारी बसला. थंडीने कान लाल झाले होते.

“गाडीने किती मिनिटं?” त्याने विचारलं.

“चार. साडेचार.”

“बराच वेळ आहे,” तो म्हणाला.

त्याच्या दारात सोडलं तेव्हा त्याने विचारलं, मिलोंना थांबवलं असतंस तर काय म्हणाला असतास? मी म्हणालो, लायसन्स दाखवा म्हणालो असतो. त्याने मान हलवली. “मूर्ख आहेस तू,” म्हणाला, पण चिडून नाही. दार लावून घेतलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

दुपारी तीनच्या सुमाराला मी कुंपणाचे खिळे घेऊन येत होतो. पुढे जोएलचा पांढरा पिकअप; लायसन्स परत मिळालं असावं. दोन्ही दिवे धड, वेग मर्यादेच्या दोन खाली, चाक रेघेपासून हातभर आत. बुजल्यासारखा चालला होता.

माझ्याकडे आता ना दिवे आहेत, ना बिल्ला. कारण तर आधीही नव्हतं. मी त्याच्या मागे एक मैल राहिलो.  मग हेडलाइट चमकावला, एकदा. तो आरशात हात वर करेल अशी भीती वाटली.

त्याने गाडी बाजूला घेतली.

मी चालत त्याच्या खिडकीशी गेलो. काच खाली होती. तो समोर बघत होता, दोन्ही हात चाकावर.

 आयुष्यभर याच जागी उभं राहून जे म्हटलं त्यातलं एकही वाक्य आता माझं नव्हतं. शेवटी म्हणालो, “जोएल, प्यायलायस का?”

“हो,” तो म्हणाला. “दुपारपासून.” मग म्हणाला, “एवढंच विचारायचं होतं रे. दोन वर्षांत कुणी विचारलं नाही मला. सगळे विचारतात, कसा आहेस.”

तो पलीकडच्या सीटवर सरकला. मी माझी गाडी तिथेच रस्त्याकडेला सोडली आणि त्याचा पिकअप चालवत आधी शाळेत गेलो. मार्ता मला बघून जरा थबकली, मग मागे बसली. घरी पोचेपर्यंत तिने शाळेतल्या सशाची सगळी हकीकत सांगितली. ससा आजारी होता, आता खायला लागलाय.

ती आत गेल्यावर मी किल्ली जोएलपुढे धरली. त्याने घेतली नाही.

“पुढच्या गुरुवारी घरी ये,” म्हणाला. “एक वाजता. एक वाजेपर्यंत मी बरा असतो.”

मी येतो म्हटलं आणि माझ्या गाडीपर्यंत चालत आलो. अडीच मैल. किल्ली अजून माझ्या खिशात आहे. त्याला काय हवंय मला कळलेलं नाही. बहुतेक भांडायचं असेल, शुद्धीवर असताना. त्याचा हक्क आहे. मी जाईन.